‘पेरते व्हा’ सांगणारा पावशा

मे सरत आला की मुळशीच्या भाताच्या पट्ट्यात राब भाजून झालेले असतात आणि माळावरच्या झाडांतून आवाज चढत जातो: ‘पेरते व्हा, पेरते व्हा!’ हा पावशा. हिंदी भाषकांना याच हाकेत ‘पी कहाँ’, म्हणजे ‘प्रियकर कुठे’, ऐकू येतं. आपल्याकडे मात्र विरहिणीऐवजी शेतकरी आठवला, याचं मला फार अप्रूप वाटतं. शास्त्र सांगतं, ही नराची विणीच्या काळातली साद. पावशा स्वतः घरटं बांधत नाही. मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं घालते आणि पिल्लू तेच वाढवतात. दिसायला तो थेट शिक्र्यासारखा.

टिटवीकडेही पावसाचा अंदाज मागतात: अंडी उंचवट्यावर असली तर पाऊस भरपूर, खोलगट जागी असली तर कमी. तिचं रात्रीचं ओरडणं मात्र अशुभ मानतात. खरं तर जमिनीवरच्या उघड्या अंड्यांजवळ कुणी फिरकलं की ती कळवळून ओरडते. उलट भारद्वाजाचं दर्शन शुभ मानतात. शकुन-अपशकुन बाजूला ठेवून शीळकरी कस्तुराची लांब, वळणदार शीळ ऐकायची, तर पावसाळ्यात पहाटे ताम्हिणी घाटातला ओढा गाठावा.