वाफ्याचे दार आणि फुप्फुसाची धमनी

लासलगावच्या शिवारात कांद्याला दारे धरणारा माणूस भरलेल्या वाफ्याचे दार मातीने बुजवतो आणि पाणी कोरड्या वाफ्याकडे वळवतो. आपले फुप्फुसही असेच करते. ज्या भागात हवा नीट पोचत नाही, तिथली बारीक धमनी आकसते व रक्त हवेशीर भागाकडे वळते. शरीरात इतरत्र प्राणवायू कमी पडला की धमन्या रुंदावतात; इथे नेमके उलटे! ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड या स्वीडिश शास्त्रज्ञांनी १९४६ साली मांजरावरील प्रयोगांतून हे दाखवले.

धमनीच्या आतल्या बाजूला पेशींचे पातळ अस्तर असते. वाहत्या रक्ताचे घर्षण त्याला जाणवते. प्रवाह वाढला की अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते, भिंतीतला स्नायू सैलावतो आणि वाट रुंद होते.

पण प्रवाह कायमचाच वाढला तर? काही बाळांच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतः छिद्र असते. मोठ्या माणसाच्या डाव्या कप्प्यातला दाब सुमारे १२० मिलिमीटर, तर उजव्यातला सुमारे २५. बाळातही जन्मानंतर काही आठवड्यांत असाच फरक पडतो. छिद्र मोठे असेल, तर डावीकडचे रक्त जोराने फुप्फुसात शिरते. पाटात कालव्याचे पाणी सोडावे तसे! सततच्या माऱ्याने अस्तर बिघडते. नायट्रिक ऑक्साइड कमी पडते, आकसवणारी द्रव्ये वाढतात. स्नायू जाड होतो आणि धमनी क्षुल्लक कारणानेही आवळते. शेवटी ती कडक व अरुंद होते. मग रक्त छिद्रातून उलटे वाहू लागते आणि ओठ, नखे निळी पडतात. या अवस्थेचे पहिले वर्णन आयझेनमेंगर यांनी १८९७ साली केले. तोवर छिद्र बुजवण्याची वेळ टळलेली असते; बुजवले तर हृदयाच्या उजव्या बाजूची उरलीसुरली वाटही बंद होते.

म्हणून वेळ महत्त्वाची. लहान छिद्रे पुष्कळदा आपोआप मिटतात; मोठी मात्र सहसा पहिल्या वर्षातच बंद करतात. दूध पिताना दमणारे, घामेजणारे, वजन न वाढणारे, वारंवार न्यूमोनिया होणारे बाळ डॉक्टरांना दाखवायलाच हवे. २०१३ साली पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळेतील मुलांची तपासणी होते. खेळात लवकर धापा टाकणाऱ्या मुलाला 'आळशी' म्हणण्यापूर्वी शिक्षकांनी त्याचे नाव तपासणीच्या यादीत वर घ्यावे. आणि त्याच्या घरी पाळण्यात भावंड असेल, तर त्याचीही विचारपूस करावी.