बबूनच्या कळपात चालते कोणाचे?

बबून म्हटला की सुळे दाखवणारा दांडगा नर डोळ्यांपुढे येतो. तोच कळपाचा राजा आणि बाकीचे त्याच्या धाकात, असा सर्वसाधारण समज आहे.

या समजाला लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने मोठे खतपाणी घातले. १९२५ साली तिथल्या कृत्रिम टेकडीवर सुमारे शंभर हमाद्रियस बबून सोडले, जवळजवळ सगळे नर. पुढे तीस माद्या आणल्या, तेव्हा अशी जुंपली की त्यांतल्या बहुतेक जिवाला मुकल्या. ही हाणामारी होती एकमेकांना अनोळखी, कोंडलेल्या जनावरांची. प्राणिशास्त्रज्ञ सॉली झुकरमन यांनी मात्र १९३२च्या पुस्तकात तिच्या आधारे माकडांच्या समाजजीवनाचे निष्कर्ष काढले.

हमाद्रियस नर रानातही माद्यांवर जरब ठेवतो, हे खरे. पण सगळे बबून तसे नाहीत. केनियातल्या अंबोसेलीत जीन आणि स्टुअर्ट आल्टमन यांनी १९७१मध्ये पिवळ्या बबूनांचा अभ्यास सुरू केला. तिथे प्रत्येक जनावर ओळखून त्याची नोंद ठेवतात. वयात आलेले नर कळप सोडून जातात, माद्या जन्मभर तिथेच राहतात. लेकीला आईच्या खालोखाल मान मिळतो, आणि बहिणींत बहुधा धाकटी थोरलीच्या वर जाते. नराचा मान अंगात ताकद असेपर्यंतच.

तान्हे पिल्लू काळ्या लवेचे आणि गुलाबी तोंडाचे असते. त्याला हात लावायला साऱ्याच माद्या आतुर. वरच्या मानाची मादीदेखील जवळ येताना हलकेच हुंकारते. तो हुंकार ऐकला की आई बिचकत नाही.

कळपाने कुठे चरायला जायचे, हेही दांडगा नर एकटा ठरवत नाही. केनियातच ऑलिव्ह बबूनांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधून पाहिले, तेव्हा ज्या दिशेला जास्त जण निघाले तिकडे बाकीचे वळले.

 

अंबोसेलीच्या नोंदींतून २००३ साली एक मोलाची गोष्ट पुढे आली. ज्या माद्या इतरांच्या सहवासात, एकमेकींच्या अंगावरच्या गोचिडी वेचत जास्त वेळ घालवतात, त्यांची पिल्ले अधिक जगतात, मग त्यांचा मान वरचा असो की खालचा. केनियात सफारीला गेलात तर जांभई देणाऱ्या नराचा फोटो जरूर काढा, पण गोचिडी वेचत बसलेल्या माद्यांकडेही थोडा वेळ थांबून पाहा.