एका घराचे तीन मीटर

तंजावूरच्या राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांत काही जुनी मराठी घरं अजून उभी आहेत. चुन्याच्या जाड भिंती, सागवानी खांब, मधे उघडा चौक. त्यातल्या एका घरात तीन चुलत बिऱ्हाडं राहतात. चुली तीन, विजेचा मीटर एक. त्याचे तीन करायचं काम मी जवळून पाहिलं.

कारण पैशाचं आहे. तमिळनाडूत घरगुती बिल दोन महिन्यांनी येतं आणि 2016 पासून दर जोडणीला पहिली 100 युनिटं माफ आहेत. प्रत्येक बिऱ्हाड 90 युनिटं जाळत असेल, तर वेगवेगळ्या मीटरवर कुणालाच वीजआकार पडत नाही. एका मीटरवर बेरीज 270 होते आणि 170 युनिटांचे पैसे मोजावे लागतात. त्यात वापर वाढेल तसा दर चढतो, मग कुणाचा एसी किती वेळ चालला यावरून घरात कुरबुर.

मुंबईच्या उपनगरातला वाचक म्हणेल, कंपनी बदलून पाहा. तिथे 2009 पासून तारा जुन्याच कंपनीच्या ठेवून टाटा पॉवरची वीज घेता येऊ लागली. ह्यूस्टन-डॅलसकडे गेलेल्या मराठी घरांना तर, टेक्सासने 2002 मध्ये बाजार खुला केल्यापासून, दर, मुदत आणि करार मोडल्याचा दंड ताडून विक्रेता निवडावा लागतो. तंजावूरच्या घराला ही निवड नाही. 2003 च्या वीज कायद्याने खुला प्रवेश दिला तो मोठ्या ग्राहकांना. इथे घरी वीज देणारी सरकारी कंपनी एकच. तिचं नाव 2024 मध्ये पुन्हा बदललं, पण लोकांच्या तोंडी ती ‘ईबी’च आहे.

मात्र त्याच कायद्याचं कलम 43 सांगतं की जागेचा मालक किंवा भोगवटादार, कुणीही अर्ज केला तरी वीज देणं वितरकाला बंधनकारक आहे. या गल्ल्यांपुरतं बोलायचं तर मला हे कलम दहा विक्रेत्यांपेक्षा मोलाचं वाटतं. कारण इथे मालकीचे कागद क्वचितच सरळ असतात. 1855 मध्ये तंजावूरचे मराठे राजे, दुसरे शिवाजी, मुलगा नसताना वारले. कंपनी सरकारने राज्याबरोबर त्यांची खाजगी मिळकतही ताब्यात घेतली, राणीचा दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि 1859 मध्ये फेटाळला गेला. राजाच्या घराची ही कथा, तर साध्या घरांचे कागद कुठून सरळ असणार? या घराची घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर येते आणि वाटणी झाली ती तोंडी. अशा वेळी इतर वारसांची संमती जोडायची, ती मिळत नसेल तर हमीपत्र द्यायचं. इथे काकू दोन्ही पुतण्यांना समोर बसवून म्हणाल्या, “सह्या आजच करा रे, उद्या कुणाला आठवण राहायची नाही.”

कागद एका बैठकीत झाले. तारांनी मात्र दम काढला.

वायरमन अण्णांनी तीन नवे बोर्ड बसवले आणि चाचणीसाठी ते आधी जुन्याच मीटरवर जोडले. प्रत्येकावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच. मधल्या बिऱ्हाडाने पंखा लावला आणि मागच्या बिऱ्हाडाचाही आरसीसीबी खटकन पडला. पुन्हा वर केला, पुन्हा पडला. अण्णांनी पंखा बंद करून टेस्ट लॅम्प घेतला आणि एकेक तार मोकळी करत चौकाच्या भिंतीपर्यंत गेले. तिथे लाकडी पट्टीखाली कापडी टेपने गुंडाळलेला जोड होता आणि त्यात दोन बिऱ्हाडांचे न्यूट्रल एकत्र पिळलेले. घर एक असताना त्याने काही बिघडत नव्हतं. आता मधल्या पंख्याचा करंट मागच्या बोर्डातून परत जात होता. 70 वॅटचा पंखा म्हणजे सुमारे 300 मिलिअँपिअर. गेलेला आणि आलेला करंट जुळला नाही की आरसीसीबी पडतो, ते त्याचं कामच आहे. दोष आरसीसीबीचा नव्हता, पण घाईतला माणूस तोच काढून टाकतो आणि घरातल्यांचं एकमेव संरक्षण जातं.

न्यूट्रल सुटे केल्यावर अण्णांनी तारांचं आवरण तपासायचा मेगर लावला. 500 व्होल्टवर तारा आणि अर्थ यांच्यात निदान एक मेगोह्म यायला हवा. पुढच्या दोन बिऱ्हाडांत काटा भरपूर वर गेला, मागच्या स्वयंपाकघरात तो 0.2 वर अडकला. या भागात ऑक्टोबरपासून परतीच्या वाऱ्यांचा पाऊस पडतो, चुन्याची भिंत पाणी पिते आणि जुन्या तारेचं आवरण आतून कुजतं. ती तार पूर्ण काढली, भिंत न फोडता पाइप बाहेरून नेला. नवा आकडा समाधानकारक आला तेव्हाच अण्णांनी चाचणीच्या कागदावर सही केली.

वाटणी झालेल्या जुन्या घरात राहणाऱ्यांना माझी विनंती आहे. मालकीचा कागद नाही म्हणून जोडणीचा अर्ज अडवून धरू नका, भोगवटादार म्हणून तो तुमचा हक्क आहे. पण अर्जाआधी न्यूट्रल वेगळे करून घ्या, आणि वायरमनकडून मेगरचा आकडा प्रत्येक खोलीगणिक लिहून मागा.