खवय्याचा पाव आणि बेकरीची भट्टी

खवय्या म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर लग्नाच्या दावतीत बिर्याणीच्या देगेभोवती घुटमळणारा माणूस येतो. वास्तविक दावत वर्षातून चार वेळा. खवय्येगिरीची खरी परीक्षा रोज सकाळी होते. पाव आजचा आहे की कालचा, हे तो हातात घेताच ओळखणारा, खारी चहात किती वेळ बुडवायची याचा अंदाज असणारा आणि परगावी उतरल्यावर आधी तिथली बेकरी शोधणारा, तो खरा खवय्या. असे खवय्ये आपल्या मोहल्ल्यात घरोघरी आहेत आणि आम्हीही त्यांच्यातलेच. या घरगुती गिऱ्हाइकाच्या जिभेवर आपल्या कितीतरी बांधवांची रोजी अवलंबून आहे. म्हणून आज त्याच्या आवडीनिवडींविषयी आणि त्या पुरवणाऱ्या भट्टीविषयी थोडे बोलू.

घरचे सुख

पाव ही तशी परदेशातून आलेली वस्तू. नावसुद्धा पोर्तुगीज भाषेतले. गोव्यात १५१० मध्ये पोर्तुगीजांची सत्ता आली आणि त्यांच्याबरोबर पाव आला. तिथून तो मुंबईत आला आणि आज आपल्या ताटात असा बसला आहे की तो कधी बाहेरचा होता हे कुणाला खरेही वाटू नये. रात्रीचे उरलेले सालन सकाळी गरम करावे आणि लादीतला मऊ पाव त्यात बुडवावा. खिम्याबरोबर पाव, आम्लेटबरोबर पाव, काहीच नसेल तर चहाबरोबर पाव. ब्रून ऊर्फ कडक पावाला मस्का लावून तो गरम चहात बुडवला की कडकपणा आणि लुसलुशीतपणा दोन्ही एकाच घासात मिळतात. कोकणात चहाबरोबर बटर लागतेच. हे बटर म्हणजे लोणी नव्हे. ते दगडासारखे दिसते, पण चहात टाकताच विरघळते.

यातील एकही जिन्नस महाग नाही. मात्र यातला एक जरी बिघडला तरी घरातली सकाळ बिघडते. महागड्या मिठाईत एखादी चूक गिऱ्हाईक माफ करते. रोजच्या पावात करत नाही.

प्रवासातले सुख

खवय्याचा प्रवास नकाशावर कमी आणि तोंडावाटे जास्त होतो. मुंबईत धोबी तलावचे कयानी हे १९०४ पासूनचे, बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ पासूनचे आणि पुण्याच्या डेक्कनवरचे गुडलक १९३५ पासूनचे. इराणमधून आलेल्या पारशी आणि मुस्लिम कुटुंबांनी अशी शेकडो हॉटेले काढली. गल्लीच्या कोपऱ्यावरची जागा, संगमरवरी टेबल, बन-मस्का आणि चहा, एवढ्या भांडवलावर त्यांनी दोन-तीन पिढ्या काढल्या. आता त्यातली मोजकीच उरली आहेत.

छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला गेलो की नान-कलिया. महंमद तुघलकाने चौदाव्या शतकात दौलताबादला राजधानी हलवली तेव्हा त्याच्या फौजेबरोबर हा पदार्थ आला असे सांगतात. तिथून हैदराबाद फार दूर नाही आणि १९४८ पर्यंत मराठवाडा त्याच संस्थानाचा भाग होता. हैदराबादेत चारमिनारजवळ उभे राहून इराणी चहाबरोबर उस्मानिया बिस्किट खावे. थोडे गोड, थोडे खारट असे हे बिस्किट शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाने ओळखले जाते. गोव्यात सकाळी सायकलचा भोंगा वाजला की समजावे, पोदेर म्हणजे पाववाला आला. त्याच्या टोपलीत उंडे असतात आणि कोंडा लावलेली पोळीसारखी पोईही असते. कोल्हापुरात मिसळीबरोबर पावाऐवजी स्लाइस ब्रेड समोर येतो आणि पाहुणा दचकतो. दुसऱ्या दिवशी मात्र तोच ब्रेड मागून घेतो.

या सर्व ठिकाणांत एक गोष्ट सारखी आहे. या वस्तू जाहिरातीमुळे नावारूपाला आलेल्या नाहीत. आधी आसपासच्या रोजच्या गिऱ्हाइकाने त्या पसंत केल्या, मग प्रवाशांनी त्यांची कीर्ती बाहेर नेली.

भट्टीचे गणित

आता जरा भट्टीच्या आत डोकावू. जुनी बेकरी विटांच्या घुमटी भट्टीवर चालते. लाकडे जाळून विटा तापवायच्या, निखारे बाजूला सारायचे, भट्टी झाडून घ्यायची आणि लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने माल आत सरकवायचा. पाव आगीवर भाजला जात नाही, तापलेल्या विटांच्या उष्णतेवर भाजला जातो. आच सर्वांत तेज असते तेव्हा ब्रून आणि पाव. ती उतरू लागली की खारी, बिस्किटे आणि नानखटाई. अगदी मंद झाली की टोस्ट वाळवायचे. एकदा तापलेली भट्टी शेवटच्या उबेपर्यंत कामाला लावणे, ही आपल्या कारागिरांची विद्या आहे. ती कुठल्या पुस्तकात शिकायला मिळत नाही. रात्री दोन वाजता उस्तादाच्या शेजारी उभे राहूनच ती हाती येते.

याच भट्टीवर आता संकट आहे. मुंबईच्या हवेतील प्रदूषणाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये आदेश दिला की लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळावे. महापालिकेने नोटिसा काढल्या. लहान बेकरीवाल्यापुढे प्रश्न उभा राहिला: नव्या ओव्हनचा खर्च कोठून आणायचा, जुन्या इमारतीत गॅसची पाइपलाइन येणार का, आणि एवढे करून पावाचा दर वाढवला तर गिऱ्हाईक टिकेल का? या बेकऱ्यांत काम करणारे कितीतरी कारागीर गाव सोडून आलेले असतात आणि भट्टीशेजारीच झोपतात. भट्टी थंड पडली तर त्यांची रोजीही गेली आणि निवाराही गेला.

येथे दोन्ही बाजू प्रामाणिकपणे पाहिल्या पाहिजेत. बेकरीचा धूर आधी आपल्याच मोहल्ल्यात पसरतो. रंग आणि पॉलिश लावलेले भंगार लाकूड जाळले तर त्याचा विषारी धूर आधी कारागिराच्याच छातीत जातो. तेव्हा धुराची बाजू घेता येणार नाही. पण "लाकूड गेले की चव गेली" हेही आम्हाला पूर्ण पटत नाही. झाडून घेतलेल्या भट्टीत पावाला जी साल आणि जो रंग येतो तो मुख्यतः विटांच्या तेज आणि सारख्या आचेमुळे. विटांची भट्टी ठेवून तिला गॅसचा बर्नर जोडणे, हा एक मार्ग आहे. आच कोणत्याही इंधनाची असो, ती ओळखणारा हात टिकला पाहिजे. खरी दौलत तो हात आहे. मदत मागायची तर या बदलासाठी हप्त्याने कर्ज आणि पुरेशी मुदत मागावी, आणि ती एकेकट्याने न मागता सर्व बेकरीवाल्यांनी मिळून मागावी.

गिऱ्हाईक काय पाहते?

इंधन बदलले तरी काही गोष्टी बदलता कामा नयेत. त्या खवय्याच्या नजरेने सांगतो.

पहिली, वेळ. पाव सकाळी सहाला मिळतो असे गिऱ्हाइकाने गृहीत धरले असेल तर सव्वासहा चालत नाही. रमजानमध्ये सहरी व इफ्तारची वेळ सांभाळणारा दुकानदार वर्षभराचे गिऱ्हाईक कमावतो.

दुसरी, ताजेपणा. कालचा पाव आजच्यात मिसळू नये. तो वेगळा ठेवून कमी दरात, कालचा म्हणून सांगून विकावा, किंवा त्याचे टोस्ट करावेत. पाव फ्रिजमध्ये ठेवला तर उलट लवकर शिळा होतो, हेही गिऱ्हाइकाला सांगावे. तो बंद डब्यात ठेवावा आणि कोरडा वाटला तर पाण्याचा हलका हबका देऊन तव्यावर झाकण ठेवून गरम करावा. अशी एक सूचना दहा जाहिरातींचे काम करते.

तिसरी, जिन्नस. पोटॅशियम ब्रोमेटवर २०१६ पासून बंदी आहे आणि २०२२ पासून तेल-वनस्पतीतील ट्रान्सफॅटची मर्यादा दोन टक्के आहे. खारीत कोणता चरबीयुक्त पदार्थ घातला आहे, असे गिऱ्हाइकाने विचारले तर उत्तर तयार असावे. हलाल-हरामची काळजी घेणारा प्रवासी तर हे पहिल्यांदा विचारतो. दुकानात पाटीच लावली तर विचारावेही लागणार नाही.

चौथी, वजन. मैदा महागला की लादी हळूच लहान करण्यापेक्षा दर उघडपणे वाढवावा. वाढलेला दर गिऱ्हाईक विसरते, हलका झालेला पाव विसरत नाही.

आणि खवय्यांनाही एक विनंती. आपल्या जिभेचे सुख कुणाच्या तरी रात्रपाळीवर उभे आहे. इंधन बदलण्याच्या या काळात पावामागे एखादा रुपया जास्त द्यावा लागला तर कुरकुर करू नये. मोहल्ल्यातली बेकरी एकदा बंद झाली की त्या जागी मोबाइलचे दुकान येते आणि पाव कारखान्याच्या पिशवीतून येऊ लागतो. मग कितीही पैसे मोजले तरी भट्टीतून नुकताच निघालेला गरम पाव मिळत नाही.