अंगणात उभी असलेली जुनी पिकअप: सुरू करायची की भंगारात द्यायची?



बुटीबोरीच्या बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, बाबांची डिझेल पिकअप चार-पाच वर्षांपासून घरासमोर उभी आहे. दुरुस्त करून धंद्यात लावू का? गाडी घरचीच आहे, फुकटात पडेल."

या "फुकटात" शब्दापाशीच थांबा. गाडी फुकट मिळाली असेल, पण तिला रस्त्यावर आणायला लागणारे पैसे तुमच्या भांडवलातून जाणार आहेत. त्याच पैशात दुकानाचा माल भरता आला असता. म्हणून गॅरेजवाल्याला फोन करायच्या आधी पुढचा क्रम पाळा.

१. आधी कागद, मग पाना

परिवहन सेवेच्या वेबसाइटवर गाडीची माहिती काढा. बुटीबोरीसाठी आपलं आरटीओ म्हणजे नागपूर ग्रामीण, एमएच-४०. एवढ्या गोष्टी तपासा:

- मालक कोण? आरसी वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करावी लागते. कायद्याने यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. मुदत उलटून गेली असेल तर आधी हेच काम हातात घ्या. भावंडांची संमती आत्ताच घ्या. गाडी कमवायला लागली की वाद सुरू होतात.
- कर्जाचा बोजा. हप्ते फिटले तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच राहिलेलं असतं. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागेल.
- पासिंग. मालवाहू गाडी ८ वर्षांवर गेली की फिटनेस दरवर्षी करावा लागतो. १५ वर्षांवरच्या गाडीला फी बरीच जास्त आहे.
- बाकीचं. थकलेला कर, पर्यावरण कर, ई-चलान, थर्ड पार्टी विमा, पीयूसी. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी नंबर प्लेट.

"दहा वर्षांच्या डिझेल गाड्या बंद झाल्या ना?" असंही बरेच जण विचारतात. तो नियम दिल्ली-एनसीआरचा आहे, नागपूरला लागू नाही. लायसन्सचंही टेन्शन नको. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते.

२. खर्चाची वरची रेघ मारा

आता वही घ्या. समजा तुम्ही कळमना मार्केटमधून माल आणता आणि भाड्याच्या गाडीला एका फेरीचे १,५०० रुपये देता. स्वतःच्या गाडीने डिझेल, ड्रायव्हर आणि झीज धरून १,००० पडतात. म्हणजे फेरीमागे ५०० वाचले. गाडी तुम्ही स्वतः चालवणार असाल तरी तुमच्या वेळेचे पैसे धराच. विमा, पासिंग, कर आणि किरकोळ दुरुस्तीसाठी महिन्याला २,५०० बाजूला काढायचे.

- महिन्याला ६ फेऱ्या: ३,००० वजा २,५०० = ५००
- १६ फेऱ्या: ८,००० वजा २,५०० = ५,५००
- २४ फेऱ्या: १२,००० वजा २,५०० = ९,५००

माझा नियम असा: जुन्या गाडीवर घातलेला पैसा १२ महिन्यांत परत यायला हवा. म्हणजे १६ फेऱ्या असतील तर कागद आणि दुरुस्ती मिळून ६६,००० ही तुमची वरची रेघ. २४ असतील तर १,१४,०००. सहाच फेऱ्या असतील तर वर्षाला जेमतेम ६,००० वाचतात. अशा वेळी भाड्याचीच गाडी बरी. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही टाका.

फेऱ्या मोजताना मागच्या तीन महिन्यांच्या पावत्या बघा. "गाडी आली की धंदा वाढेल" हे हिशोबात धरायचं नाही.

३. चावी फिरवू नका

सर्वात मोठं नुकसान इथे होतं. नवी बॅटरी आणली, सेल्फ मारला, नाही झालं तर चार पोरांनी धक्का दिला. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनवर हे करू नका.

उभ्या टाकीत दमट हवेमुळे पाणी साचतं. पाणी डिझेलच्या खाली बसतं, तिथे गंज आणि चिकट गाळ तयार होतो. तो पंप आणि नोझलमध्ये गेला की बिल तिथेच फुगतं. म्हणून मिस्त्रीकडून हा क्रम करून घ्या:

१. टाकी रिकामी करून धुवायची, डिझेल फिल्टर, इंजिन ऑईल आणि कूलंट बदलायचं.
२. हीटर प्लग किंवा नोझल काढून प्रत्येक बोअरमध्ये थोडं इंजिन ऑईल सोडायचं आणि रात्रभर ठेवायचं.
३. नोझल काढलेले असतानाच पान्याने इंजिन हाताने फिरवायचं. जाम असेल तर जोर लावायचा नाही. आधी खर्चाचा अंदाज घ्यायचा.
४. वायरिंग तपासायचं. उंदरांनी कुरतडलेली वायर शॉर्ट झाली तर गाडी पेटू शकते.
५. पहिल्यांदा स्टार्ट करताना डिझेल वेगळ्या स्वच्छ कॅनमधून द्यायचं आणि लाइनमधली हवा काढायची.

बोअरमध्ये ऑईल जास्त राहिलं तर इंजिन बेफाम रेस पकडू शकतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. त्यासाठी हवेचं तोंड बंद करायला जाड फळी जवळ ठेवायला सांगा. हात लावायचा नाही.

४. इंजिन सुरू झालं म्हणजे गाडी सुरू झाली नाही

इंजिनचा आवाज ऐकला की घरचे पेढे वाटतात. थांबा! ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं, व्हील सिलेंडर जाम होतात, क्लच प्लेट चिकटते. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर कडक होऊन तडे गेलेले असतात. टायरवरचा चार अंकी नंबर वाचा: २३१६ म्हणजे २०१६ चा २३ वा आठवडा. वर्धा रोडवर ट्रकच्या मधून भरलेली पिकअप चालवायची आहे, तेव्हा ब्रेक आणि टायरमध्ये काटकसर नको. हा खर्चही त्याच रेघेच्या आत बसला पाहिजे.

रेघ ओलांडली तर?

मिस्त्रीचा अंदाज लेखी घ्या आणि त्यावर २० टक्के वाढवून धरा, कारण उघडल्यावर काम वाढतंच. तरीही रेघेच्या आत असेल तर बिनधास्त करा. बाहेर गेलं तर गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या. तिथे मिळणारं सर्टिफिकेट नवी गाडी घेताना सवलतीसाठी कामी येतं आणि जुनी नोंदणी रीतसर रद्द होते. गल्लीतल्या भंगारवाल्याला तशीच दिली तर गाडी कागदावर तुमच्याच नावावर राहते.

बाबांच्या गाडीत जीव अडकलेला असतो, हे मला कळतं. घरासाठी ती ठेवायची असेल तर जरूर ठेवा, पण तो खर्च घरखर्चात लिहा, धंद्याच्या वहीत नको.

आजचा होमवर्क: तीन महिन्यांच्या फेऱ्या मोजा आणि तुमची रेघ काढा. गॅरेजला फोन त्यानंतरच.