स्टुडिओच्या जुन्या मेजात संगणक

ध्वनिक्षेपणाच्या स्टुडिओतील शांतता आपोआप आलेली नसते. ती बांधून काढलेली असते. जाड भिंती, दुहेरी दारे, सच्छिद्र फळ्यांमागे दडवलेली काचलोकर आणि अंगाला जाणवू नये इतक्या मंद गतीने आत सोडलेली थंड हवा, या सर्वांनी मिळून ती निर्माण केलेली असते. तिच्या मधोमध निवेदकाचे मेज उभे असते. सागवानी चौकट, वर सनमायका, समोर आवाज कमी-अधिक करण्याच्या कळांची पेटी आणि दोन्ही अंगांना यंत्रे बसवण्याचे उभे कप्पे, अशी त्याची सर्वसाधारण घडण. असे मेज एकदा बांधले की पिढी-दीडपिढी जागचे हलत नाही. त्यातली यंत्रे मात्र बदलतात. तबकड्या फिरवणारी यंत्रे गेली, फितीवर ध्वनी साठवणारी गेली, आणि आता त्याच कप्प्यात संगणक बसवायचा असतो. प्रश्न साधा वाटतो: तो तेथे मावेल काय?

रॅकमध्ये बसणारा संगणक हा अंतरंगाने घरगुती संगणकाचाच भाऊ असतो. फरक केवळ अंगरख्याचा. त्याची पेटी पोलादी आणि आडवी असते व दर्शनी पट्टीला दोन्ही बाजूंस कान असतात. या कानांतून स्क्रू घालून तो कप्प्यातील उभ्या लोखंडी पट्ट्यांवर आवळतात. पट्टीची रुंदी १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर. हे माप ठरवले टेलिफोनवाल्यांनी. अमेरिकेत १९२० नंतरच्या दशकात टेलिफोन केंद्रांतील उपकरणे या रुंदीच्या चौकटींवर चढवण्याची पद्धत रूढ झाली. नभोवाणीच्या पहिल्या पिढीतील पुष्कळ अभियंते त्याच व्यवसायातून आलेले असल्यामुळे ती चौकट स्टुडिओतही आली आणि पुढे संगणकानेही ती निमूटपणे स्वीकारली. शंभर वर्षांत यंत्रांचे सारे आतडे पालटले, पण कानांतील अंतर पालटले नाही.

या मोजमापाची एक गंमत अशी की, मिलिमीटरमध्ये ती अडनिडी दिसतात, पण आपल्याकडील सुताराच्या हातात ती अलगद बसतात. सुतार इंचाचे आठ सूत धरतो. रॅकमधील उंचीचे एकक, ज्याला ‘यू’ म्हणतात, ते पावणेदोन इंचांचे, म्हणजे नेमके १४ सुतांचे असते. प्रत्येक एककात तीन भोके. त्यांतील अंतरे ५ सूत, ५ सूत आणि पुढच्या एककाच्या पहिल्या भोकापर्यंत ४ सूत. डाव्या-उजव्या भोकांच्या मध्यांतील अंतर १८ इंच अडीच सूत. दोन पट्ट्यांमधील मोकळी जागा साधारण पावणेअठरा इंच. यंत्राची दर्शनी पट्टी प्रत्येक वेळी पाव सूत कमी उंचीची ठेवतात, म्हणजे वरचे यंत्र खालच्यावर घासत नाही. एक गोष्ट मात्र सुताराला आधीच सांगून ठेवावी लागते: एककाची सीमारेषा चार सुतांच्या अंतराच्या मध्यावर येते. भोकांची ही गणना एका भोकाने जरी चुकली, तरी वरपासून खालपर्यंत प्रत्येक यंत्राच्या डोक्यावर निरुपयोगी फट राहते आणि शेवटच्या यंत्राला जागाच उरत नाही.

जुन्या मेजातील कप्पा पुष्कळदा आतून बरोबर १९ इंचांचा केलेला आढळतो. कोरड्या ऋतूत त्यात पट्टी बसते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात लाकूड फुगले म्हणजे ती अडकते. यास्तव दोन्ही बाजूंना एकेक सूत सोडून सव्वाएकोणीस इंच रुंदी असणे बरे. कमी पडत असेल तर रंधा मारण्यास हरकत नाही, कारण एवढ्याने मेजाच्या बळकटीला बाध येत नाही. लोखंडी पट्ट्या तयार मिळतात; त्या लाकडी बाजूंना स्क्रूने जोडल्या की रुंदीचा प्रश्न संपला.

खरी अडचण खोलीची. ध्वनीची जुनी उपकरणे मागे फारशी लांब नसत. पुष्कळांना फूटभर जागा पुरे होई. त्या बेताने केलेला कप्पा १६ ते १८ इंच खोल असतो. मोठ्या संगणकगृहांसाठी घडवलेल्या पेट्या मात्र २४ ते ३० इंच लांब असतात. अशी पेटी स्वस्तात मिळते म्हणून आणावी, आणि मग तिच्यासाठी मेजाची पाठ कापावी, हा उलटा व्यवहार होय. आखूड पेट्याही मिळतात. १५ इंचांच्या आसपासची चार एककांची पेटी बहुतेक जुन्या कप्प्यांना चालते. मोजताना पेटीच्या मागे आणखी तीन-चार इंच धरावे लागतात, कारण तारांची टोके व त्यांची वळणे यांनाही जागा हवी. तार मुडपून कोंबली की काही महिन्यांनी नेमक्या कार्यक्रमाच्या वेळी ती दगा देते.

वजनाविषयी थोडक्यात सांगता येते. १५-२० किलोचे यंत्र केवळ पुढच्या चार स्क्रूंवर लोंबत ठेवले तर लाकूड फाटते. त्याच्या खाली दोन्ही बाजूंनी लोखंडी कोनाचा आधार द्यावा. कान फक्त पेटी जागेवर धरून ठेवण्यापुरते असावेत.

आता मुख्य मुद्दा. संगणकाला वारा हवा असतो आणि मायक्रोफोनला शांतता हवी असते. मेज दोघांचे एकच. या दोन गरजांची सांगड घालणे हेच या कामातील खरे कौशल्य आहे, आणि मापाची टेप त्याविषयी काहीच सांगत नाही.

संगणक जेवढी वीज घेतो तेवढी सारी अखेर उष्णतेच्या रूपाने कप्प्यात सोडतो. ३०० वॅट घेणारा संगणक म्हणजे शंभर वॅटचे तीन जुने दिवे बंद कपाटात अखंड पेटत ठेवल्यासारखे. एक घनमीटर हवा एका अंशाने तापायला सुमारे १२०० ज्यूल लागतात. त्या हिशेबाने बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा दहा अंशांहून अधिक तापू द्यायची नसेल, तर सेकंदाला २५ लिटर हवा कप्प्यातून वाहिली पाहिजे. ही हवा सेकंदाला एक मीटर एवढ्या संथ गतीने यावी असे वाटत असेल, तर २५० चौरस सेंटिमीटरची वाट लागते. म्हणजे अर्धा मीटर लांब आणि पाच सेंटिमीटर रुंद फट. तेवढीच बाहेर जायला. जुन्या मेजांत हे मार्ग नसतात, कारण पूर्वीच्या यंत्रांना त्यांची गरज पडली नव्हती. वरून शोभेसाठी काचेचे दार लावण्याची हौस कोणाला झाली, तर संगणक आपलाच तप्त श्वास पुन्हा पुन्हा घेतो. तापलेला संगणक एकदम बंद पडत नाही. तो आधी आपला वेग कमी करतो. त्यामुळे ध्वनीत बारीक खंड पडू लागतात, टकटक ऐकू येते, आणि त्यानंतरही उष्णता वाढली तर तो स्वतःला मिटवून घेतो. रात्रीच्या सभेत निवेदक एकटाच असताना असे घडले, तर श्रोत्यांच्या वाट्याला केवळ मौन येते.

म्हणून हवेची वाट आधी आखावी आणि यंत्र नंतर बसवावे. थंड हवा खालून, पुढच्या अंगाने घ्यावी. तप्त हवा मागून, वरच्या भागातून सोडावी. मधल्या रिकाम्या एककांना कोऱ्या पट्ट्या लावाव्यात. त्या केवळ शोभेच्या नसतात. त्या नसतील तर मागची तप्त हवा त्या खिंडारांतून वळसा घेऊन पुन्हा पुढे येते. हवेच्या तोंडाशी धुता येईल अशी जाळी असावी. तारांसाठी पाडलेली भोकेही जाळीने बुजवावीत, कारण आपल्याकडे त्या वाटेने उंदीर येतो आणि तारांच्या आवरणावर त्याचे विशेष प्रेम असते.

आता आवाज. निवेदकाचे तोंड मायक्रोफोनपासून वीतभर अंतरावर असते आणि यंत्र हातभर. शिवाय प्रक्षेपणाच्या साखळीत मंद ध्वनी उचलून धरणारी उपकरणे असतात. वक्ता दोन वाक्यांमध्ये थांबला की ती उपकरणे त्या विरामातील घरघर वर आणतात. भाषणाचे अर्धे सौंदर्य विरामांत असते. तेथे पंखा बोलू लागला तर शब्दांची लय बिघडते.

पंख्याचा एक नियम येथे उपयोगी पडतो. वेग निम्मा केला की तोच पंखा हवा निम्मी देतो. परंतु त्याचा आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, आणि दहा डेसिबल उतरले तरी कानाला तो निम्मा भासतो. तेव्हा मोठा पंखा सावकाश फिरवण्यात लाभ आहे. एका एककाच्या चपट्या पेटीत ४० मिलिमीटरचेच पंखे मावतात. पुरेशी हवा देण्यासाठी ते मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेतात आणि अक्षरशः किंचाळतात. चार एककांच्या पेटीत १२० मिलिमीटरचा पंखा हजारभर फेऱ्यांत तेच काम उरकतो. जागा वाचवण्यासाठी चपटी पेटी निवडणारा हिशेबनीस पुढे रोज त्याची किंमत मोजतो, आणि ती किंमत हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

आवाजाची दुसरी वाट लाकडातून जाते. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी चकती असलेला साठा १२० हर्ट्झची सूक्ष्म थरथर करतो. मेजाची मोठी पोकळ पेटी तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखी ती थरथर वाढवते, आणि मायक्रोफोनचा दांडा त्याच मेजावर आवळलेला असेल तर ती सरळ प्रक्षेपणात जाते. फिरणारी चकती नसलेला साठा वापरणे हा यावर उत्तम उपाय. नपेक्षा आधारकोनांवर रबराच्या चकत्या घालाव्यात आणि दांडा मेजाऐवजी जमिनीवर उभा करावा. हवा बाहेर सोडण्याच्या मार्गाला एक वळण देऊन आतून नमदा लावला तर पंख्याचा स्वरही बराच शोषला जातो. विजेरीचा दिवा एका टोकाला धरून दुसऱ्या टोकाला प्रकाश थेट दिसला, तर त्या वाटेने आवाजही थेट येणार असे समजावे.

अर्थात संगणक शेजारच्या खोलीत ठेवून केवळ पडदा व कळफलक मेजावर आणणे हा सर्वांत चांगला मार्ग होय. यू.एस.बी.ची साधी तार पाच मीटरांपर्यंतच भरवशाची. परंतु जाळ्याच्या तारेवरून कळफलक व चित्र शंभर मीटरांपर्यंत नेणारी जोडयंत्रे मिळतात. भिंतीत भोक पाडण्याची मुभा असेल तेथे मेजाला हातच लावू नये. भारतात शैक्षणिक संस्थांना २००२ मध्ये आणि बिगरसरकारी संस्थांना २००६ मध्ये सामुदायिक नभोवाणी चालवण्याची मुभा मिळाली. अशा केंद्रांपैकी कित्येकांचा संसार एका खोलीतच मांडलेला असतो. त्यांना शेजारची खोलीच नसते, आणि वरचा सारा खटाटोप मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

तारांविषयी दोन शब्द पुरेत. विजेच्या तारा कप्प्याच्या एका बाजूने आणि ध्वनीच्या दुसऱ्या बाजूने न्याव्यात. जेथे भेटणे अटळ असेल तेथे त्यांना काटकोनात ओलांडू द्यावे. सर्व यंत्रांची भूजोडणी एकाच ठिकाणी करावी, नाहीतर ५० हर्ट्झची गुणगुण मागे लागते. वीज गेल्यावर आधार देणारी बॅटरीची पेटी मात्र त्या कप्प्यात ठेवू नये. ती जड असते, तापते, आणि तिचा रोहित्र स्वतःच गुणगुणतो.

सारे बसवून झाल्यावर मेजाची पाठ लावण्यापूर्वी संगणक दोन तास भरभक्कम काम देऊन चालवावा आणि हवेच्या दोन्ही तोंडांशी तापमापक धरावा. मग दारे बंद करून मायक्रोफोनसमोर कोणीही न बसता एक मिनिट संगणक बंद असताना आणि एक मिनिट चालू असताना नुसती खोली ध्वनिमुद्रित करावी. त्यातील कोणते मिनिट कोणते, हे न सांगता जुन्याजाणत्या निवेदकाला दोन्ही ऐकवावीत. त्याला फरक ओळखता आला, तर मेजाची पाठ अजून लावायची नाही.