आईचा आवाज आणि माळ्यावरचा लॅपटॉप

गेल्या वर्षी कराडहून आईने फोनवर एक अभंग म्हणून पाठवला. शेजारी दुसऱ्या फोनवर तंबोऱ्याचं ॲप लावलं होतं. मी इकडे केंब्रिजला स्वयंपाकघरात तो ऐकायला लागले, तर तंबोरा गायबच! आईने लांबवलेला स्वरही मधेच तुटत होता. कारण नंतर कळलं. बोलणं स्पष्ट ऐकू यावं म्हणून फोन सतत चालणारा एकसुरी आवाज गोंगाट समजून पुसून टाकतो. त्याच्या लेखी तंबोरा म्हणजे पंख्याची घरघर. आणि एकच स्वर लावून बसलेली आईसुद्धा तशीच!

हसू आलं, पण मनात काहीतरी टोचलंही. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. तिचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही. आईला त्यातल्या बऱ्याच येतात, मला जेमतेम चार. माझ्या लेकीला एकही नाही. आई यंदा ७८ वर्षांची झाली. ती मे महिन्यात सहा महिन्यांसाठी इकडे आली, तेव्हा ठरवलं की या वेळी नीट रेकॉर्डिंग करायचं.

स्टुडिओचं नाव काढताच आई म्हणाली, “छे गं! तिथे घड्याळ लावून गायचं, माझा घसाच बसेल.” म्हणजे जे काही करायचं ते घरीच, आणि खर्च २०० पौंडांच्या आत.

संगणकाच्या बाबतीत आपलं गाव भाग्यवान. १९४९ च्या मे महिन्यात एडसॅक नावाचा खोलीभर पसरलेला संगणक इथल्याच विद्यापीठात चालू झाला. एकॉर्न कंपनी इथली. आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलच्या पोटात असलेल्या आर्म चिपचा आराखडाही त्याच कंपनीत तयार झाला. आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आलेला, पत्त्यांच्या जोडाएवढा, ३५ डॉलरचा रास्पबेरी पायही इथलाच. साहजिकच लेक म्हणाली, “आई, पायच घेऊ या!” तिला त्यावर सॉनिक पायमध्ये ठेके तयार करायचे होते. हा प्रोग्रॅमही केंब्रिजच्या संगणक विभागातच जन्मला. पायवर रेकॉर्डिंग होतं, नाही असं नाही. पण त्याला माइकची जागाच नाही. शिवाय पडदा, कीबोर्ड, डबी, चार्जर असं एकेक जोडत गेलं की स्वस्ताई संपते. ज्यांच्याकडे हे सगळं आधीच आहे, त्यांनी जरूर पाय घ्यावा. आमच्याकडे मात्र माळ्यावर दहा वर्षांचा लॅपटॉप पडून होता.

असा लॅपटॉप तुमच्याकडेही असेल. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबला, आणि नवीन विंडोज न चालणारी कितीतरी धडधाकट यंत्रं अडगळीत गेली. ती टाकू नका. रेकॉर्डिंगला फार मोठं यंत्र लागत नाही. दोन-चार ट्रॅक रेकॉर्ड करायला ८ जीबी मेमरी पुरते. जुनी फिरती हार्ड डिस्क मात्र काढा आणि एसएसडी बसवा. यंत्र चपळ होतं आणि डिस्कची कुरकुरही माइकमध्ये येत नाही. आम्ही त्यावर लिनक्स मिंट घातलं, ते फुकट. वर ऑडॅसिटी, तेही फुकट. पेटी, तबला, गळा असे वेगवेगळे ट्रॅक करून पुढे मिसळायचे असतील तर आर्डर नावाचा प्रोग्रॅम अधिक सोयीचा. पण एका गळ्याला ऑडॅसिटी पुष्कळ झाली.

खरा खर्च संगणकावर नव्हे, त्याच्या कानांवर करायचा. लॅपटॉपच्या स्वतःच्या माइकला आधी पंखा ऐकू येतो, मग माणूस. त्यासाठी यूएसबीला जोडायची एक छोटी डबी मिळते, तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. माइकचा नाजूक संकेत वाढवून त्याचे आकडे करायचं काम ती करते. लिनक्सवर चालते ना, एवढं घेण्याआधी पाहून घ्या. माइकचे मुख्य प्रकार दोन. कंडेन्सर फार बारकाईने ऐकतो, पण त्याला डबीतून ४८ व्होल्ट द्यावे लागतात आणि तो शेजाऱ्याचं कुत्रंही टिपतो. डायनॅमिक माइक जवळचं तेवढं ऐकतो. आपल्या साध्या खोल्यांना हाच बरा.

आमचा हिशेब असा: एसएसडी ३० पौंड, वापरलेली डबी ६०, वापरलेला डायनॅमिक माइक ५५, स्टँड आणि केबल २०, कान पूर्ण झाकणारे हेडफोन २५. एकूण १९० पौंड.

पहिल्याच संध्याकाळी फजिती झाली. आईने हेडफोन लावले, एक ओळ म्हटली आणि थांबली. “अगं, मागून कुणीतरी माझी नक्कल करतंय!” तिचं बरोबर होतं. आवाज डबीतून संगणकात जाऊन परत कानात येईपर्यंत वेळ लागत होता. संगणक आवाज थेंबाथेंबाने नाही, वाट्यावाट्यांनी घेतो. सेकंदाला ४८,००० नमुने आणि वाटी १,०२४ नमुन्यांची, म्हणजे एका खेपेला २१ मिलिसेकंद. जाऊन-येऊन चाळिसाच्या वर. गाणाऱ्याला एवढं पुरेसं खुपतं. वाटी १२८ ची केली की जाणंयेणं पाच-सहा मिलिसेकंदांवर येतं. दोन मीटरवर बसलेल्या माणसाचा आवाज आपल्यापर्यंत पोचायला साधारण तेवढाच वेळ लागतो. पण जुनं यंत्र इतक्या भराभर वाट्या उचलू शकत नाही, आवाजात तडतड येते. सोपा उपाय डबीवरच होता. थेट ऐकण्याचं बटण दाबलं की गाणाऱ्याचा आवाज संगणकाला वळसा न घालता सरळ कानात येतो. नक्कल करणारा पळाला!

मग खोली. आईच्या मागे दोन रजया टांगल्या, खाली गालिचा, कपड्यांचं कपाट उघडं. धुण्याचं मशीन बंद. लॅपटॉप दाराबाहेर आणि माइकची केबल आत. आवाजाची पट्टी सर्वांत मोठ्या स्वरालाही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी ठेवली. हळू झालेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. तंबोरा फक्त आईच्या हेडफोनमध्ये.

अभंग छान झाले. ओव्यांना मात्र आई तिसऱ्या ओवीलाच अडली. “हाताला काही फिरवायला नाही गं, मग आठवणार कसं?” केंब्रिजमध्ये जातं कुठून आणू? शेवटी तिनेच पिठाच्या डब्याचं झाकण टेबलावर उपडं ठेवलं आणि त्यावर हात ठेवून गोल फिरवायला लागली. त्या संध्याकाळी तिने एकामागून एक सव्वीस ओव्या म्हटल्या. रेकॉर्डिंगमध्ये झाकणाची घरघर स्पष्ट ऐकू येते. दुसऱ्या दिवशी झाकण काढून घेतलं आणि पुन्हा म्हणायला लावलं. आवाज स्वच्छ आला, ओव्या अकराच आल्या. दोन्ही ठेवल्या आहेत. आम्ही ऐकतो ती घरघरवाली.

गी पोआतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज त्या ‘पारी’ या संग्रहात वाचायला आणि काही ऐकायलाही मिळतात. त्या दोघांचे उपकार मोठेच. पण तिथे माझी आजी नाही, तुमचीही बहुधा नसेल. आपापल्या घरातलं आपणच जपायला हवं.

जपण्याचे नियम थोडेच आहेत. मूळ फाइल वेव्ह स्वरूपातच ठेवा. २४ बिटांचा एक ट्रॅक तासाला साधारण अर्धा जीबी घेतो, म्हणजे जागेची काटकसर नको. एमपी३ फक्त नातेवाइकांना पाठवायला. प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या घरी. आमची कराडला भावाकडे आहे. आणि प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला गाणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने नाव, गाव, तारीख आणि हे कुणाकडून शिकलो ते सांगावं. आईने सांगितलं तेव्हा आजीचं नाव पहिल्यांदा कुठेतरी नोंदलं गेलं.

या दिवाळीत फराळाला पाहुणे येतील. कुणाच्या आई, कुणाचे सासरे, कुणाची मावशी इथे असतील. परतीचं तिकीट प्रत्येकाचं ठरलेलं. आमच्या आईचं १२ नोव्हेंबरचं आहे. माइक, डबी आणि रजया त्यानंतर रिकाम्याच असतील. ज्यांना हव्यात त्यांनी घेऊन जाव्यात. झाकण मात्र मिळणार नाही.